साहेबबाबाचं गाऱ्हाणं

गुणाजी परबांच्या खिशात चिरूट होता, हातात नारळ होता आणि डोक्यात नुसता गोंधळ. दहाला गाऱ्हाणं घालायचं होतं आणि साडेनऊ वाजून गेले होते.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं घातलेलं साकडं. ते कुणाला, हे आधी सांगायला हवं. परळच्या त्यांच्या चाळीच्या फाटकापाशी छातीपर्यंत मातीत रुतलेला एक दगडी गोरा साहेब आहे. नाक तुटकं, गालावर कल्ले, खांद्यावर बिल्ले. कोकणातून गिरणीत आलेली पहिली माणसं इथे उतरली, तेव्हा तो होताच. कोकणी माणसाचं म्हणणं सरळ असतं. जागा म्हटली की राखणदार आलाच, आणि आपल्याआधी जो तिथे उभा तोच राखणदार. झालं, साहेबाला शेंदूर लागला. गावच्या राखणदाराला विडी देतात, पण साहेबाला विडी कशी चालेल, म्हणून याला दर वर्षी एक चिरूट. मान राखावा तर असा.

आता चाळ पाडून टॉवर होणार होता. आज बाबाला विचारायचं होतं, नव्या जागी येतोस ना? गाऱ्हाण्याचा मान तीस वर्षं गुणाजींचा. त्यांनी बोलावलं तर दगड बरोबर जाणार, नाहीतर एक म्युझियमवाले न्यायला तयार होते.

आणि नेमकं काल संध्याकाळी नातीनं, अनुजानं, मोबाईल पुढे केला. दगडाच्या पाठीवरचं नाव घासून घासून वाचून तिनं साहेबाला एका जुन्या पुस्तकातून शोधून काढलं होतं. कर्नल एलर्बी. पाद्र्याचा मुलगा, सोळाव्या वर्षी बोटीत बसला, तीन लढाया लढला, पायात गोळी घेतली. मग कंपनीनं त्याला आपला वकील करून कोकणातल्या एका संस्थानात पाठवला. तिथे तो मराठी शिकला, पेज जेवू लागला आणि एकही गोळी न झाडता राजाशी तह करून मोकळा झाला. इथवर गुणाजी खुशीत मान डोलावत होते. आपला बाबा भलताच हुशार निघाला की.

"पुढे ऐका, आजोबा," अनुजा म्हणाली.

तह होऊन महिना झाला नाही तोच, बंडवाल्यांना भाकरी दिली म्हणून त्यानं तीन गावं जाळली. माणसांना बाहेर पडू दिलं नाही. तिसरं गाव आंबेरखोल.

आंबेरखोल म्हणजे गुणाजींचं गाव. गावात अजून एक माळ आहे, जळकी वाडी म्हणतात. तिथे कुणी घर बांधत नाही. कुणी जाळली ते मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता बोला. ज्यानं आपली माणसं जाळली त्यालाच तीस वर्षं हात जोडले, या विचारानं गुणाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण तेवढंच असतं तर दगड देऊन टाकला असता. राहुल, अनुजाचा बाप, दोन वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, रखमानं, पोर उचलून याच दगडापुढे ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी पोर उठून बसलं. मग ते उठवलं कुणी? काही केल्या उलगडा होईना. सकाळपासून दोनदा चहा गार झाला.

"गे, काय करू मी?" त्यांनी बायकोला विचारलं.

"माका काय विचारतास?" रखमा पदर खोचत म्हणाली. "पोर मी ठेवलंय. गाऱ्हाणां तुमचां."

फाटकापाशी सगळी चाळ जमली. गुणाजींनी नारळ धरला, तोंड उघडलं, पण 'राखणदारा' काही म्हणवेना.

"बा साहेबा," ते अखेर म्हणाले, "तू आमचो गाव जाळलंस."

गाऱ्हाण्यात दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कुणीच म्हणेना. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"माझ्या झिलाक तूच वाचवलंस की काय, माका ठाव नाय. ह्या खरां की त्या खरां, ताही माका कळणा नाय. पण जाळलंस तितक्या घरांची राखण झाल्याबिगर तुका सुटी नाय. म्युझियमात बसान आराम करूचो नाय. नव्या बिल्डिंगीच्या दारात हुबो ऱ्हव. आमची पोरां सांभाळ."

अनुजानं काडेपेटी पुढे केली. गुणाजींनी चिरूट खिशातून काढला, साहेबाच्या तोंडापर्यंत नेला आणि थांबले. ते गिरणीत होते तेव्हा गेटवर रोज झडती व्हायची, कापसात ठिणगी नको म्हणून काडेपेटी काढून घ्यायचे. त्यांनी चिरूट परत खिशात ठेवला.

"ड्युटीवर आग नाय," ते म्हणाले.

हे गाऱ्हाणं झालं की शिक्षा, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी नारळ फोडला. मग मागून एकट्या रखमाचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."