तिरकं माप

ओल्या वाळ्याच्या गंधात शिसपेन्सिलीची कुरकुर मिसळली, की मला कुसुमकाकू दिसतात. नागपुरातली मेमधली पांढरी, आंधळी दुपार, खिडकीत घरघरणारा कूलर, आणि नकाशे काढायच्या कलत्या फळ्यावर एकाच अंशात थिजलेली त्यांची कृश मान.

आम्ही वारसा वाचवण्याच्या मोहिमेतली पोरं कोकणकिनाऱ्यावर जायचो. भरती रोज कुरतडते आहे अशा जुन्या वास्तूंची मापं वहीत उतरवून आणायचो, आणि त्या वहीतून काकू नकाशे काढायच्या. त्यांची आरेखकाची नोकरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाच सुटली होती. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. तरी खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या चिऱ्याची कड त्यांच्या रेषेत अशी हळुवार वितळायची, की आपणच आंधळे होतो असं वाटावं. बाईच्या कैदेला सेवा म्हणायचं, ही आपली जुनी लबाडी. पत्रकांत काकूंबद्दल ती मीही कितीदा तरी लिहिली.

एका बंदरावरच्या जकातघराची समुद्राकडची खोली तेवढी मोजायची राहिली होती. काकू म्हणाल्या, "या खेपेले मीबी येतो. टेप मी धरतो."

आतल्या खाटेवरून म्हातारीचा आवाज आला, "समुद्र पाहाले गेली तं मले कोण पाहीन वं? समुद्र?"

काकू हसल्या. आम्हीही हसलो. चार दिवस म्हातारीपाशी आमच्यातला कोणीही थांबू शकला असता. कोणी थांबलं नाही. मीही नाही.

काकूंशिवायच जाऊन परतलो तेव्हा त्यांनी वही पुढेमागे चाळली. "तिरकं कुठं हाय गा? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याचं?"

"चारही भिंतींची लांबी आहे ना काकू. काटकोन धरा."

"काहून धरू? जुनी खोली काटकोनात नसते. नुसत्या चार बाजूंवर खोली उभी राहत नाही गा, हलते."

एक दोरी, दोन कोपरे, अर्ध्या मिनिटाचं काम. परत जातो म्हणालो. मग सभा, निवेदनं, मोर्चे. दसऱ्यानंतर गेलो तर खोली नव्हती. उघड्या जोत्यावरून पाणी निर्विकारपणे ये-जा करत होतं, जणू तिथे कधी दार नव्हतंच.

नागपूरला येऊन मी ते सांगितलं. काकूंनी टोक काढलेली पेन्सिल पुन्हा तासली. मी गळ घातली, अंदाजाने काढा, निवेदनाला जोडायचंय, साहेबलोकांना दिसलं पाहिजे.

"अंदाजानं काढली तं ते माही खोली होईन. तिथली नाही."

"कुसुम वं! कुशीवर कर ना मले!" म्हातारीने हाक दिली. काकू आत गेल्या, तिला वळवून परत आल्या आणि उरलेलं जकातघर शाईत उतरवत गेल्या: कमानी, पायऱ्या, वखार, एकेक चिरा. समुद्राकडच्या बाजूला मात्र कोरा कागद ठेवून बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं, 'माप घेतले नाही'. कोसळली असं नाही, समुद्राने नेली असंही नाही.

तो नकाशा मी निवेदनाला जोडला. सगळा संताप सरकारी भाषेत ओतला, आणि त्या तीन शब्दांपाशी माझी सगळी भाषा संपली. भिंत पडली की काळाला दोष देता येतो. पण जी जागा आपण हाताशी असताना रिती सोडली, तिच्यापुढे स्मृतीलाही मान वर करता येत नाही.