वर्लीनचा बर्फ

वर्लीन टिडवेलने फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘उद्या सकाळी बर्फ’ असं लिहिलं, हातावरची खडूची भुकटी झटकली आणि ती आपल्या नेहमीच्या टेबलाशी येऊन बसली. ओडेसाबाईच्या खाणावळीत दुपारची गर्दी होती. सगळ्यांच्या माना फळ्याकडे वळल्या. मग कोपऱ्यातून हॉइट ग्रिसमचं हसू फुटलं.

“आला का परत वर्लीनचा बर्फ? चला रे, रात्री कपडे उलटे घाला आणि उशीखाली चमचा ठेवून झोपा.”

सगळे हसले. बर्फ पडावा म्हणून इथली, अलाबामातली पोरं अशीच झोपतात, आणि आपलं नाव त्या पोरखेळाशी जोडलं की वर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

“चमचे कॉफी ढवळायला असतात, हॉइट. मी वारा बघते.”

आणि ती खरंच बघायची. टपाल वाटता वाटता आभाळाकडे पाहायची खोड लागली, निवृत्तीनंतर त्या खोडीचं वेड झालं. गावात तिच्याच पठडीतला दुसरा वेडा म्हणजे लमार न्हावी. हिवाळाभर दोघं संगणकावर हवेचे नकाशे उलगडून बसायची आणि उजाडत नाही तोच एकमेकांना फोन करायची. या भागात बर्फ म्हणजे वर्षानुवर्षांतून एकदा, तोही जेवणवेळेपर्यंत वितळून जाणार. पण त्या एका सकाळसाठी दोघं जीव टाकत.

वादळाचे तिचे अंदाज बरोबर आले, ते कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. गेल्या हिवाळ्यात मात्र तिच्या शब्दावर लोकांनी घरात साठा करायला दुकानांतलं दूध आणि पाव संपवले, चर्चमधलं जेवण रद्द झालं, बायकांनी भाजून ठेवलेले केक वाया गेले आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. तेवढं गाव विसरायला तयार नव्हतं.

ओडेसा कॉफीचं भांडं घेऊन आली आणि हळूच वाकली.

“मिस वर्लीन, राग मानू नका. गिऱ्हाइकं कुरकुरतात हो. या खेपेलाही चुकलं, तर फळ्याच्या जागी मी जेवणाच्या पदार्थांची पाटी लावीन म्हणते.”

वर्लीनने कप पुढे केला.

“लाव की. पण चुकलं तर.”

बोलून गेली खरी, पण ताट तिने तसंच बाजूला सारलं. त्या फळ्याशिवाय सकाळी घराबाहेर पडायला तिला दुसरं कारण नव्हतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

संध्याकाळी टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या कोटवाल्याने हसत हसत सांगितलं, पाऊस, नुसता पाऊस. पाठोपाठ लमारचा फोन आला.

“मी माझा अंदाज मागे घेतला, वर्लीन. तूही जाऊन फळा पुसून ये. खाणावळ उघडी असेल अजून.”

“कोटवाला म्हणाला म्हणून?”

“उगाच तोंडघशी पडशील.”

“पडेन. तोंड माझं आहे. तू घाल शेपूट.”

तिने फोन ठेवला. परसात जाऊन बर्फ मोजायची पांढरी फळी कापडाने पुसली आणि गवतावर नीट आडवी मांडली.

सकाळी फळीवरून पाणी ओघळत होतं. पारा पाणी गोठायच्या खुणेच्या केसभर वर येऊन हटून बसला होता. वर्लीन छत्री न घेताच पाहत उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं. आला तो संताप. एवढ्याशा अंतरासाठी! तिने ओला झगा बदलला, लाल कोट चढवला, ओठांना रंग लावला. आज आपण गेलो नाही तर पुन्हा कधी जाता येणार नाही, हे तिने ओळखलं होतं.

खाणावळीत ती शिरली तेव्हा ओडेसा खुर्चीवर चढून, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन फळ्याशी उभी होती. भिंतीला टेकवून नवी पाटी ठेवलेली होती. वर्लीन सरळ आपल्या टेबलाशी गेली. वाढणाऱ्या पोरीने कॉफी आणून ठेवली. वर्लीनने दूध ओतलं, साखर घातली आणि चमच्यासाठी हात लांबवला. चमचा नव्हता.

“ओडेसा, चमचा दे गं.”

ओडेसा खाली उतरली. खण उघडून तिने खडखडाट केला. काटे होते, सुऱ्या होत्या.

“एकही नाही,” ती बावचळून म्हणाली. “काल तर खणभर होते.”

वर्लीनने सभोवार पाहिलं. शेजारच्या टेबलावरची शाळेतली बाई काट्याच्या दांड्याने कॉफी ढवळत होती. लमार सुरीने ढवळत होता आणि मान वर करत नव्हता. बाकीच्यांना आपापल्या ताटातल्या अंड्यांत एकाएकी फार रस वाटू लागला होता.

तेवढ्यात दार ढकलून हॉइट आला. टोपीचं पाणी झटकत तो थेट काउंटरशी गेला, कोटाच्या आतल्या खिशातून कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याने हळूच ठेवलं. रुमाल उलगडला आणि चमचा उघडा पडला. मग त्याला लाल कोट दिसला. त्याच्या शर्टाच्या गळ्यातून आतल्या बनियनची शिवण डोकावत होती, बाहेरच्या बाजूने.

“नातीसाठी नेला होता,” तो म्हणाला.

“तुझी नात टेक्सासला असते, हॉइट.”

या खेपेला कुणी हसलं नाही.

वर्लीन उठली. फळ्यावरचं कालचं तिने तळहाताने पुसलं, खडू उचलला आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गुरुवारी बर्फ’.

“परत?” ओडेसाच्या तोंडून निघालं.

“आज पारा केसभर अडला. गुरुवारी येणारी हवा याहून थंड आहे. फळा काढायचा तर खुशाल काढ, मी भिंतीवर लिहीन.”

ओडेसाने हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं, मग काउंटरकडे.

हॉइट फळा वाचत उभा होता. वाचायला दोनच शब्द होते, पण त्याला वेळ लागला. मग त्याने चमचा उचलला, बाहीला पुसला आणि पुन्हा आतल्या खिशात घातला.

“मला कॉफी काळीच दे, ओडेसा,” तो म्हणाला. “साखर नको.”