साळुंकीच्या पायातला दोरा

टेलरबाईंचं शिलाई मशीन मागच्या खिडकीला लावलेलं होतं. उजेड चांगला येतो म्हणून, असं त्या सांगत. खरं म्हणजे त्यांना परसातल्या झुडपावर नजर ठेवायची असे. पाखरांची घरटी बांधायची वेळ आली की शिवणातून उरलेले दोरे त्या हौसेनं त्या झुडपावर टाकत. बिचाऱ्यांना काडीकाडीसाठी वणवण नको. तेवढंच पुण्य, आणि घरातला केरही कमी.

या वर्षी एक साळुंकी लंगडत परसात उतरली. तिच्या एका पायाला काहीतरी करकचून गुंडाळलं होतं आणि बोटं सुजून काळपट पडली होती. टेलरबाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं. दोरा मोरपंखी होता. परवाच पडद्यांसाठी त्यांनी तो मुद्दाम मागवला होता.

"पुण्य अंगाशी आलं की गं तुझ्या!" थोरली नणंद म्हणाली. दोघी एकट्या पडल्यापासून एकत्र राहत होत्या, आणि वन्संच्या जिभेला हाड नव्हतं.

"माझ्या अंगाशी कुठं आलंय, वन्सं? आलंय तिच्या पायाशी. आता तो दोरा मीच काढणार."

आधी त्यांनी झुडपावरचा दोरा न् दोरा वेचून काढला. मग जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं.

"पकडून आणा, मिनिटाचं काम आहे," डॉक्टर म्हणाले. "पण उशीर करू नका, नाहीतर पाय गेला म्हणून समजा."

पकडून आणा! बोलायला काय जातंय? टेलरबाईंनी टोपलीला काठीचा टेकू दिला, खाली भात पसरला आणि दोरी ओढली. टोपली पडली ती रिकामीच. साळुंकी जी उडाली ती पुढचे कित्येक दिवस भाताकडे फिरकली नाही.

"जिथं शितं तिथं भुतं म्हणतात," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या शितांना भूतसुद्धा विचारेना."

टेलरबाईंना हसू आलं नाही. जेवायला बसलं की ती काळपट बोटं डोळ्यांसमोर यायची आणि घास गिळवत नसे.

मग एका सकाळी त्या मशीनवर पडद्याला दुमड घालत असताना खिडकीच्या कठड्यावर काहीतरी हललं. साळुंकी! टेलरबाईंचे पाय आपोआप थांबले, मान वर झाली, आणि साळुंकी भुर्रकन उडाली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. साळुंकीच्या लेखी, मशीन चालू असतं तेव्हा ही बाई खाली बघते, तिचे हातपाय कामात असतात, म्हणजे धोका नाही. मशीन थांबलं की बाई बघते. आणि बाईनं पाहिल्यावर टोपली पडते.

त्यांनी सुई काढून ठेवली आणि मान खाली घालून रिकामंच मशीन चालवायला घेतलं.

"हवा शिवतेस का गं?" वन्संनी विचारलं. "पडदेवाली रोज दारात येऊन उभी राहतेय."

"पडदे थांबतील. पाय थांबायचा नाही."

भात आधी कठड्यावर, मग मशीनच्या फळीवर, मग हाताजवळ आला. अधूनमधून त्या छोटी कात्री उगीच वाजवत. साळुंकी पहिल्यांदा दचकायची, नंतर तिनं कात्रीचं मनावर घेणं सोडून दिलं. टेलरबाईंच्या गुडघ्यांनी मात्र संप पुकारला होता. त्या तेल चोळत आणि पुन्हा बसत.

शेवटी साळुंकी त्यांच्या करंगळीशी उभी राहून शितं टिपू लागली. टेलरबाईंनी कात्री सरकवली. आयुष्यभर त्यांनी न बघता, बोटांच्या अंदाजानं दोरे कापले होते. आजही बोटांवरच भरवसा ठेवायचा होता. एवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

"टेलरबाई! झाले का हो पडदे?"

साळुंकीनं मान ताठ केली. टेलरबाईंनी पाय थांबवले नाहीत, मान वर केली नाही. तोंडावर बोट ठेवून वन्सं दाराकडे धावल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं.

साळुंकीची मान खाली आली, शीत टिपलं गेलं. कात्रीचं टोक दोऱ्याखाली शिरलं. कट्. साळुंकीनं बोटाला कडकडून चोच मारली आणि ती उडाली. फळीवर भाताच्या शितांत मोरपंखी तुकडा पडला होता.

"गेली तुझी साळुंकी," वन्सं परत येऊन म्हणाल्या. "आता कशाला येतेय?"

"न येऊ दे. पाय घेऊन गेली ना!" टेलरबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना वाईट वाटलंच.

पुढे पडदे गेले, दुसरं काम आलं. एका दुपारी टेलरबाई चष्मा कपाळावर सारून सुईत दोरा ओवत होत्या. मशीन बंद होतं. कठड्यावर साळुंकी उतरली. तिचं एक बोट वाळून गेलं होतं, पण पाय घट्ट टेकलेला होता. टेलरबाईंनी सवयीनं पाय मशीनच्या पायपट्टीवर ठेवला, मग उचलून घेतला. त्यांनी मान वर केली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं.

साळुंकीनंही पाहिलं. मग ती फळीवर उतरली आणि रिकाम्या फळीवर चोच आपटू लागली.

"वन्सं," टेलरबाई नजर न काढता म्हणाल्या, "जरा भात आणता का?"