शेवटचा नंबर

जत्रेत सगळं घर पाळण्यात बसतं, तेव्हा खाली एक बाई सगळ्यांच्या चपला, पर्स आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी असते. केदाऱ्यांच्या घरात ती बाई म्हणजे उज्वला. दसरा उलटून गेला तरी तिच्या पिशवीत छत्री असायची. गच्चीवर कपडे वाळत घालायला जातानाही ती गॅस सिलिंडरपाशी बंद करून जायची. गंगापूर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रिसेप्शनला होती आणि दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिची पक्की खात्री झाली होती की माणसावर जे काही येतं ते घाई केल्यामुळे येतं. या स्वभावाचा तिला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिचा नवरा शेखर अंबडला एका कंपनीत टर्नर होता. लेथवर त्याचा हात इतका साफ होता की साहेबसुद्धा अवघड जॉब आला की त्यालाच हाक मारायचे. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा दोस्त योगेश म्हणाला, चल, दोघं मिळून एक गाळा घेऊ, स्वतःचं मशीन टाकू. शेखरने घरी येऊन विषय काढला. उज्वलाने भाकरी थापता थापता विचारलं, "पर्मनंट नोकरी कुणी सोडतं का?" विषय तिथेच मिटला. योगेशने एकट्याने गाळा घेतला, पहिली दोन वर्षं उधारीवर काढली, मग सावरला आणि पुढे चांगला सुधारला. आणि पर्मनंट कंपनीने मागच्या वर्षी एका सोमवारी गेटला कुलूप लावलं आणि दुसऱ्या राज्यात निघून गेली.

आता शेखर एका ठेकेदाराकडे निम्म्या पगारावर जात होता. विशीतली पोरं त्याला काका म्हणायची आणि त्याने सांगितलेलं मोजमाप पुन्हा मोबाइलवर तपासून बघायची. पंधरा वर्षांपूर्वीचं तो एका शब्दाने बोलला नाही. उज्वलाला याचाच त्रास व्हायचा. एकदा कडाकडा भांडला असता तर तिलाही चार शब्द सुनावता आले असते आणि मोकळं वाटलं असतं. पण तो गप्प जेवायचा आणि गप्प झोपायचा.

या वर्षी योगेशचा मुलगा पुण्यात स्थिरावला आणि योगेशने सगळं आवरून त्याच्याकडे जायचं ठरवलं. मशीनसकट गाळा द्यायचा होता. सिन्नरचा एक जण सगळे पैसे एकरकमी द्यायला तयार होता, पण योगेशने शेखरला आधी विचारलं. दोन लाख हातात दे, बाकीचे कमव तसे दे. शेखरने घरी हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज इतका हळू होता की तो जणू नकारच मागत होता. आणि उज्वला, आयुष्यात पहिल्यांदा, हो म्हणाली.

"भिशी उचलली की देऊ," ती म्हणाली. "बरोबर दोन लाख आहेत."

भिशी वत्सलाबाईंची. सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीत वत्सलाबाई गेली अठरा वर्षं भिशी चालवत होत्या. वीस बायका, प्रत्येकीचे महिन्याला दहा हजार, दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मागच्या खोलीत बसायचं आणि बोली लावायची. जिला अगदी नड असेल ती म्हणायची, मी पंधरा सोडते, मी वीस सोडते. जी जास्त सोडेल तिला त्या महिन्याचे दोन लाख, सोडलेली रक्कम वजा करून. सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जायचे. शेवटी जी राहील तिला मात्र काहीच सोडावं लागत नाही. पूर्ण दोन लाख आणि वर महिन्या-महिन्याला वाटून आलेले पैसे वेगळे.

उज्वला दर वेळी शेवटची राहायची. नळावर पाणी भरताना ती बाकीच्यांना समजावायची, विशेषतः शकुबाईला. शकुबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, पेन्शन पोस्टात तशीच ठेवणारी बाई. "भिशीत बसा शकुबाई," उज्वला म्हणायची, "पण घाई करायची नाही. बोली लावणाऱ्यांना लावू द्यात. शेवटचा नंबर घ्यायचा. त्यात भीतीच नाही." शकुबाई दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून मन लावून ऐकायची.

उन्हाळ्यात शेखरने एकदाच विचारलं होतं, "या महिन्यात उचलतेस का? योगेश म्हणतोय, लवकर झालं तर बरं."

"बोली तीसपर्यंत चाललीये. तीस हजार सोडायचे? तीस हजार काय झाडाला लागतात?"

"नाही, तेही खरंच," शेखर म्हणाला.

डोळ्यांसमोर दिसणारा तीस हजारांचा तोटा तिच्याने बघवेना. आणि वीस बायकांपैकी एकोणीस जणी पैसे उचलून मोकळ्या झाल्यावर आपले पैसे कोण आणि कशापायी आणून देणार, हा प्रश्न दिसत नव्हता म्हणून तिने तो विचारला नाही. उज्वलाने आयुष्यातला सगळ्यात मोठा जुगार त्या दिवशी खेळला आणि तिला वाटलं आपण खाली उभ्या राहून चपला सांभाळतोय.

शेवटच्या पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी ती वत्सलाबाईंकडे गेली. योगेशने पौर्णिमेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, त्यामुळे पैसे संध्याकाळी किती वाजता मिळतील एवढंच विचारायचं होतं. वत्सलाबाई डबे भरत होत्या. अंबडच्या कारखान्यांतल्या पोरांना त्या जेवणाचे डबे द्यायच्या. उज्वलाला बघून त्यांनी हातातली पळी भाजीतच ठेवली आणि खाली बसल्या.

"उज्वला, मी तुझ्याकडं येणारच होते. रोज ठरवते आणि चप्पल घालून परत काढते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिघी जणींनी सुरुवातीलाच भिशी उचलली आणि पुढे हप्ते थांबवले. एकीचा नवरा अपघातात जायबंदी झाला. दुसरी खोली सोडून मालेगावला माहेरी गेली, फोन उचलत नाही. तिसरी समोरच राहते आणि रोज उद्या देते म्हणते. वत्सलाबाईंनी बोभाटा केला नाही. अठरा वर्षांचं नाव होतं. आधी स्वतःच्या पाटल्या मोडल्या, मग घरातली शिल्लक घातली, आणि तेही पुरेना तेव्हा सगळ्यांकडून शेवटचे हप्ते आगाऊ घेऊन आधी उचलणाऱ्यांना दिले. दिवाळीत मी गावाला जाणार, हिशेब आधी पुरा करू, असं त्यांनी सांगितलं होतं.

उज्वलाला ते चांगलं आठवत होतं. सगळ्यांत आधी तिनेच आगाऊ हप्ता दिला होता. वर इतरांना म्हणाली होती, बघा, याला शिस्त म्हणतात.

"म्हणजे आता कुणाकडून काही यायचंच नाही?"

"सगळ्यांनी भरलं गं. त्या तिघी सोडून सगळ्यांनी भरलं. कुणाला मागू?"

उज्वला ओरडायच्या तयारीने उठली. पण ओरडायचं कुणावर? वत्सलाबाईंच्या मनगटावर पाटल्यांच्या जागी हिरव्या काचेच्या दोन बांगड्या होत्या. त्या म्हणाल्या, "फ्रिज घेऊन जा. शिलाई मशीन ने. टीव्ही पण ने." आणि खरंच उठून फ्रिजचा प्लग काढायला लागल्या. उज्वलाने त्यांचा हात धरला आणि प्लग परत लावला. आतलं दूध नासलं असतं.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले हे तिलाच माहीत. शेखरला सांगायचं म्हणून ती रोज स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि तो काहीतरी वेगळंच करत असायचा. एकदा तो जुन्या कपड्यांतून कंपनीचा निळा शर्ट काढून त्यावरचं कंपनीचं नाव ब्लेडने उसवत बसला होता. गाळ्यावर घालायला होईल, म्हणाला. एकदा फोनवर योगेशला विचारत होता, मशीनच्या बेल्टला आवाज येतो तो आधी बदलू की नंतर. त्याचा आवाज पंधरा वर्षांपूर्वी असायचा तसा मोठा झाला होता. उज्वला परत आत जायची आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई लॅबपाशी येऊन उभ्या राहिल्या. सिटी बसने एवढ्या लांब त्या कधी आल्या नव्हत्या. उज्वलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्यापासून नवी भिशी सुरू करते. वीस जणी जमल्यात. पहिला नंबर तुला देते, बोली न लावता. पूर्ण दोन लाख. तुझं देणं फिटलं."

"आणि माझे पुढचे हप्ते?"

"ते मी भरीन."

"कुठून भराल?"

वत्सलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "डबे वाढवीन. तू ते नको बघू. फक्त त्या जुन्या भिशीचं कुणाला बोलू नको. बोललीस तर उद्या एकही बाई बसायची नाही."

काउंटरवर तीन माणसं रिपोर्टसाठी उभी होती. उज्वला त्यांना रिपोर्ट देत राहिली आणि मनात हिशेब करत राहिली. एकटी वत्सलाबाई, स्वतःचा हप्ता, तिचा हप्ता, आणि त्या डब्यांवर घर. हे वीस महिने चालणार नव्हतं. सहा चालेल, फार तर आठ. मग पुन्हा आगाऊ हप्ते, पुन्हा चप्पल घालून काढणं. आणि शेवटी जी कोणी उरेल, ती. पुढचे हप्ते आपण स्वतः भरावेत म्हटलं, तर गाळ्याची बाकी, घरखर्च आणि वर हे, शेखरच्या पहिल्या वर्षात कुठून आणायचं? तिला यातून वाट सापडेना. जिकडे जावं तिकडे कुणीतरी बुडत होतं, आणि पहिल्यांदाच ते कोण असावं हे ठरवायचं तिच्या हातात होतं. असलं काही हातात असण्याची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या संध्याकाळी, विहारात गर्दी होती. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा उज्वलाची जीभ अडली. शेजारच्या बायकांच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. खाली रस्त्यावर शेखर मोटारसायकल लावून थांबला होता. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, कारण तिथून थेट योगेशकडे जायचं होतं.

मागच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या. पैसे जमले. वत्सलाबाईंनी गठ्ठा बांधला आणि म्हणाल्या, "उज्वलाताईंच्या घरात मोठं काम निघालंय. पहिला नंबर त्यांना देऊ. कुणाची हरकत?"

कुणाची हरकत नव्हती. एक जण हसून म्हणाली, "उज्वलाताई आणि पहिला नंबर? आज सूर्य कुठून उगवला?"

सगळ्या हसल्या. हसणं थांबल्यावर दाराजवळून शकुबाईचा आवाज आला. ती भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब करून बसली होती. या भिशीत ती नवीन होती.

"वत्सलाताई, माझं आत्ताच सांगून ठेवते. मला शेवटचा नंबर लिहा. मी बोलीबिली लावायची नाय."

"तुला गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय ना गं?" कुणीतरी विचारलं. "मग लवकर उचल की."

"डाक्टर म्हणला लवकर करा. पण पंचवीस-तीस हजार कशाला सोडू? काढीन अजून कळ, आता लय सवय झालीये." मग ती उज्वलाकडे वळली. "ताईंनीच शिकवलंय मला नळावर. शेवटच्या नंबराला भीती नसती. बरोबर ना ताई?"

वत्सलाबाई सतरंजीच्या कडेचे धागे ओढत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. खालून मोटारसायकलचा हॉर्न वाजला, एकदाच आणि हळू, कारण शेखरला विहारापाशी मोठ्याने हॉर्न वाजवायला आवडायचं नाही. शकुबाई उत्तराची वाट बघत होती. तिला शंका नव्हती, नुसतं सगळ्यांसमोर ताईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

उज्वलाला वाटलं, आत्ता वीज जावी. कुणाचं तरी पोर रडावं. काहीतरी व्हावं. काहीच झालं नाही.

"बरोबर," ती म्हणाली.

गठ्ठा पिशवीत घालून ती जिना उतरली तेव्हा शेखर सीटवरून उठून उभा राहिला. त्याने तिच्या पिशवीकडे बघितलं. तिने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला ती पंधरा वर्षं थांबली होती आणि आता तिला तिकडे बघवेना.

"पूर्ण दोन?" त्याने विचारलं.

"पूर्ण."

"तुझंच खरं झालं बघ," तो म्हणाला. "उन्हाळ्यात मी घाई करत होतो. तीस हजारांना मुकलो असतो." तो हसला, हेल्मेट घालायला लागला आणि मध्येच थांबला. "नवी भिशी धरली म्हणे. ह्यातही शेवटचाच नंबर घेतलास ना?"

"शेवटचा गेला."

"कुणाला?"

"शकुबाईला."

"हुशार आहे म्हातारी," शेखर म्हणाला आणि त्याने गाडीला किक मारली.