खाटेचा चौथा खूर

पहिला

शाळेच्या खिडक्यांना पोती ठोकली होती. बाहेर चैताचं ऊन, आत मिट्ट काळोख. चांद्याहून जीपगाडीतून आलेला साहेब काचेवरचे फोटो भिंतीवरच्या धोतरावर पाडत होता. खड्ड्याखड्ड्यांचा चंद्र आला. कडं घातलेला ग्रह आला. उजळ धुरात घोड्याचं काळं मुंडकं उभं राहिलं, तेव्हा बायांनी पदर तोंडाशी नेले. म्हातारी सुकरी मात्र हसली. घोड्याले काय भ्यायचं!

पुढची काच आली नि तिचं हसू थिजलं.

धोतरभर गोल गोल रेघा. जात्यात घालून दळल्यासारखं आभाळ. एकही चांदणी जागेवर नाही.

"साहेब, कुठचं आभाळ हे?"

"तुमचंच, बाई. उत्तरेकडचं."

"मंग याच्यात खाट कुठी आहे?"

"कसली खाट?"

सुकरीच्या गोंड वस्तीत शेंबडं पोरही सांगेल. उत्तरेला, पुस्तकात सप्तर्षी म्हणतात तिथं, म्हातारीची खाट आहे. चार चांदण्या, चार खूर. मागच्या तीन चांदण्या म्हणजे तीन चोर, खूर पळवायला टपलेले. म्हणून ती म्हातारी डोळ्याला डोळा लावत नाही. लावला की खाट गेली. खाट गेली की खाली कोणी उरत नाही.

साहेब समजावत होता. कॅमेरा चार तास उघडा ठेवला, तारे सरकले, रेघा उमटल्या.

सुकरीनं एवढंच ऐकलं. सरकले.

दुसरा

घरी तिचा नवरा कोलू खाटेवर होता. आठ दिवसांचा हिवताप.

वरची खाट नेली, ते खालची काऊन सोडतील? खाटेसकट माणूस नेतील. सुकरीनं त्याच्या काखेत हात घातले, ओढला, भुईवर निजवला. खाट लांब, दाराशी.

"काऊन खाली टाकलं मले?"

"चूप राय. ऐकतील."

"कोण?"

सुकरीनं ओठांवर बोट ठेवलं. नाव घेतलं की येतात. कोलूनं घोंगडी तोंडावर ओढली.

तेवढ्यात शेजारची भागीरथा पेज घेऊन आली. तिच्या लोकांत माणसाला भुईवर उतरवतात ते शेवटालाच. वाटी तिच्या हातून सुटली.

"अवं माय वं! गेला का वं कोलूभाऊ!"

आणि बोंबलत पळाली.

"नाई वं! नाई!" सुकरी गल्लीच्या टोकापर्यंत मागं धावली. भागीरथा कुठली ऐकते!

तिसरा

सुकरी परतली.

अंगणात खाट. उलटी. चारही खूर आभाळाकडे, प्रेत न्यायला करतात तशी.

खाटेमागे तिघं.

वारलू, लटारू, पत्रू. रोजची माणसं, बोंब ऐकून आलेली. पण मावळता सूर्य त्यांच्या पाठीशी होता. तोंडं काळी. सुकरीला फक्त आकडा दिसला.

तिनं झेप घेऊन एक खूर कवटाळला. "सोडा! माहा माणूस जित्ता आहे!"

"सुकरीबाई, मी वारलू! वारलू!"

"तीनच राहतात ते! तीनच!"

आतून घोंगडी बोलली, "अबे वारलू, न्यायचं ते ने. आधी घोटभर पाणी तर पाज!"

वारलूनं उचललेली खाटेची बाजू धप्पकन खाली आली.

चौथा

खाट सुलटी झाली. पण सुकरी कोलूला वर ठेवू देईना.

"आधी मले वर पाहू द्या."

कोलूला अंगणात आणून पुन्हा भुईवरच निजवलं. थंडी भरून त्याचे दात वाजत होते. अंधारू लागलं. उत्तरेला आधी चोर दिसले. तिन्ही, लख्ख. मग एक खूर. दुसरा. तिसरा.

चौथा, चोरांच्या अगदी हाताशी असतो तो, नव्हता.

तिनं पुन्हा मोजलं. बोंब थांबवून परत आलेली भागीरथाही मोजू लागली. तिघं गडी माना वर करून उभे. 

"आहे," खालून कोलू म्हणाला.

"खोटं बोलून राह्यला तू. थंडी वाजते म्हणून."

डोळ्यांना पाणी येईस्तोवर ती बघत राहिली. मग दिसला. चारही खुरांत सगळ्यात मिणमिणता. पण जागेवर.

तिघांनी कोलूला उचलून खाटेवर ठेवला. सुकरीनं त्याच्यावर घोंगडी टाकली, एका हातानं. दुसऱ्या हातात खूर होता. तिघं कुंपणाबाहेर जाईस्तोवर तिनं तो सोडला नाही.