शिंगाची चोच

माझ्या हाताला गुण आहे हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. नगरात माळीवाड्याच्या वेशीजवळ माझं कातारकामाचं दुकान. पाळण्याचे खूर, लाटणी, काठ्या, चाकूच्या मुठी. लाकूड असो की शिंग, फिरत्या चरकावर चढलं की ह्या गहिनीनाथाच्या हातून वेडंवाकडं उतरत नाही. हा तोरा माझ्या बायकोला कधी आवडला नाही. चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तो एका माणसाच्या जिवावर बेतला, म्हणून सांगतोय.

त्या दिवशी भर दुपारी रोझी दुकानात आली. रोझी मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिचा नवरा गिदोन मूळचा तिसगावचा, पुंजाराम मास्तरच्या बँडात सॅक्सोफोन वाजवायचा. वरातीत तो वाजवायला लागला की घोड्यावरच्या नवरदेवाकडे कुणी बघत नसे. तेव्हा टायफॉईडनं पाच आठवडे दवाखान्यात पडून होता. आता ताप उतरला होता.

रोझीनं फडक्याची पुरचुंडी माझ्यासमोर सोडली. आत सॅक्सोफोनची चोच होती. वाजवणारा जो भाग तोंडात धरतो त्याला बँडवाले माऊथपीस म्हणतात. गिदोन चोच म्हणायचा, आणि ती दिसायचीही तशीच. कडक काळ्या रबराची, तुळतुळीत. आता मात्र ती शेवाळल्यासारखी हिरवट पडली होती, टोक एका अंगाला वळलं होतं आणि गंधकाचा घाण वास मारत होती.

"काय केलंस पोरी हे?"

"उकळली," रोझी म्हणाली. "दवाखान्यात सांगितलंय, टायफॉईडवाल्याच्या तोंडाला लागंल ते समदं अर्धा तास उकळायचं. कप उकळला, चमचा उकळला, तांब्या उकळला. मग ही दिसली. काका, ह्या चोचीइतकं त्यांच्या तोंडाला दुसरं काय लागतं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि चोच तर वाया गेली होती.

ती चोच साधी नव्हती. लष्कराच्या बँडातला एक गोरा वादक नगर सोडून जाताना ती गिदोनला देऊन गेला होता. बाकीच्यांच्या चोची आतून सरळ, रुंद नळीसारख्या. हिचं पोट बाहेरून फुगीर आणि आतून हंडीसारखं कोरलेलं. फुंकलेला वारा त्या हंडीत फिरतो, म्हणून आवाज भरदार निघतो, असं गिदोननं मला एकदा चांगला तासभर समजावलं होतं. मी हूं हूं केलं होतं. लढाईमुळे मुंबईतसुद्धा तशी चोच मिळण्याची आशा नव्हती.

"परवा घरी येनार हायती," रोझी म्हणाली. "पाच आठवडं पडून पडून एकच इचारायचे, माझी चोच नीट ठिवलीस ना? हुबेहूब अशीच करून द्या, काका. त्यांना कळू द्यायचं न्हाई."

मी तिला म्हणायला हवं होतं की बाई, सरळ सांगून टाक, नवराच आहे तुझा. पण 'हुबेहूब' हा शब्द ऐकला आणि मी हुरळलो. लांडग्यानं शेपूट मागितलं असतं तरी हुबेहूब करून दिलं असतं, अशी माझी गत.

घोडेगावच्या बाजारातून आणलेलं म्हशीचं एक जुनं शिंग माझ्याकडे होतं. त्याचं भरीव टोक कापून चरकावर चढवलं. जळक्या केसांच्या वासानं शेजारचा शिंपी दुकान सोडून बाहेर जाऊन बसला. मी फुगीर पोट काढलं, चोचीचा उतार काढला, वरच्या दातांखाली येतो तो पांढरा तुकडा हाडाचा बसवला, आणि तेल-कोळशानं घासून अशी चकाकी आणली की मीच क्षणभर फसलो. राहिलं आतलं काम. बारीक तोंडातून आत हंडी कोरायची तर वाकडं हत्यार पाहिजे. ते माझ्याकडे नव्हतं आणि करायचा धीरही नव्हता. सरळ गिरमिट घातलं आणि बोरूएवढं बारीक भोक आरपार पाडलं. आत डोकावून कोण बघतंय, म्हटलं.

रोझीनं ती हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली आणि पहिल्यांदा हसली. मी आठवडाभर त्या हसण्यावर खूष होतो.

नवव्या दिवशी गिदोन स्वतः दुकानात आला. रोझीनं त्याचं कोपर धरलं होतं. बत्तीस वर्षांचा माणूस, पण गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरून लोंबत होता. माझ्या बाकावर बसला आणि कितीतरी वेळ नुसता दम घेत राहिला.

"काठी पायजे, काका," तो म्हणाला. "टेकायला."

"काठी? तुला? अरे, चार दिवस दूधभात खा, घोड्यासारखा पळशील."

"न्हाई. माझ्या छातीतलं संपलं." तो शांतपणे सांगत होता, जणू शेजाऱ्याची गोष्ट. "घरी आल्या दिवशी सॅक्सोफोन काढला. फुंकलं तर नुसता वारा. लई जोर लावला तवा बकरी वरडावी तसा एक आवाज आला. रोज बसलो. तीच चोच, तीच रीडची पट्टी, समदं तेच. मग गेलं काय? माझा दम गेला. मास्तरला सांगितलं, दुसरा गडी बघा. काष्टीच्या बँडातला योहान उद्या येनार हाय, सॅक्सोफोन त्याला देऊन टाकतो. घरात दिसाया नको."

माझ्या हातातली पटाशी हातातच राहिली. चोच इतकी बेमालूम झाली होती की पंधरा वर्षं वाजवणाऱ्या माणसाला तिच्यावर संशय आला नाही. तापानं तोंडाची चव गेलेली, बोटांना कंप. डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि सगळा दोष त्यानं स्वतःच्या छातीवर घेतला. आयुष्यात मला माझ्या कामाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी रोझीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"गिदोन," मी म्हणालो, "ऐक. चूक माझी हाय."

"तुमी थांबा, काका," रोझी म्हणाली. "माझं मी सांगते."

तिनं कनवटीची पुरचुंडी काढली आणि ती हिरवी, वाकडी चोच नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. टाकून द्यायला तिचा जीव झाला नव्हता. "ही तुमची. मी उकळली. तुमी वाजवली ती काकांनी केलेली. मला भ्याव वाटलं. तुमी काय म्हनाल म्हनून लपवलं."

गिदोननं ती उचलली, नाकाशी नेली, वाकड्या टोकावरून अंगठा फिरवला. आता हा पेटणार, मला वाटलं. पेटला असता तर बरंच होतं.

"मग मी फुंकलं ते काय हुतं?" त्यानं मला विचारलं.

"म्हशीचं शिंग. बाहेरून तुझी चोच, आतून नुसतं बोरूएवढं भोक. ती कुनीच वाजवू शकनार न्हाई. तिच्यात वाऱ्याला जागाच न्हाई, बाबा."

"कुनीच न्हाई?"

"तुझा तो गोरा आला तरी न्हाई."

तो उठला. माझ्या कामाच्या फळीवर शिंगाचा आणि लाकडाचा भुसा बोटभर साचला होता. फळीच्या एका टोकाशी तो वाकला, नाकानं सावकाश वारा आत घेतला आणि फुंकलं. भुसा उठला, फळीभर पळत गेला आणि पलीकडच्या टोकावरून उंबऱ्यापर्यंत पडला. त्याला खोकला आला. रोझी धरायला पुढे झाली, तर त्यानं हातानं थांबवलं आणि पुन्हा एकदा फुंकलं. फळी स्वच्छ झाली.

मग तो बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मलाही रडू आलं, का लपवू?

"चुकलं माझं," रोझी म्हणत होती. "एवढी मोलाची चोच..."

"चोचीचं सोड," गिदोन म्हणाला. "घरी आल्यापासनं तू माझ्याकडं बघंनास. भाकरी वाढताना बघंनास, हाक मारली तरी भिंतीकडं बघून व्हय म्हनायचीस. मला वाटलं, डाक्तरांनी तुला सांगितलं असंल, हा काय आता जगत न्हाई. आनि तू माझ्यापासनं लपवतीयस."

रोझीनं तोंडावर हात धरला. मग हात काढला आणि माझ्यासमोर, उघड्या दुकानात, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.