शून्यावरून डावीकडे

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना गॅल्व्हानोमीटर आहे. नाव ऐकून पळू नका! माझं काम साधं आहे. तारेतून वीज कुठल्या बाजूला वाहते, ते माझा काटा शून्यावरून डावीकडे नाहीतर उजवीकडे झुकून सांगतो.

तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवलं की त्यात वीज जागी होते. पण वेटोळं भारी हट्टी. चुंबक जवळ आलं की त्याला मागे रेटतं, निघालं की धरून ठेवू पाहतं. थेट घरातल्या मोठ्या माणसांसारखं! त्यांची ही ओढाताण बघण्यात माझा जन्म गेला. एके काळी मुलं माझ्यासाठी भांडत. पुढे काच धुरकटली, काटा अडकू लागला आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

प्रयोगशाळेच्या शिपाईमामांचा मात्र माझ्यावर जीव. सुट्टीत त्यांनी मला उघडून दुरुस्त केलं. नेमका त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता, आणि आतल्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या.

परीक्षा आली. एकेक जण माझ्यापुढे येऊन गेला. काटा डावीकडे जात होता, पण पुस्तकात 'उजवीकडे' होतं, म्हणून सगळ्यांनी खुशाल तेच लिहिलं. शेवटी आली घुमी. फारसं बोलत नसे, म्हणून हे नाव. गेल्या वर्षी ती याच परीक्षेत नापास झाली होती. पुन्हा तसं झालं तर शाळा बंद, अशी घरून तंबी होती. माझा जीव टांगणीला लागला. तिने तीनदा चुंबक आत नेलं, तीनदा पाहिलं आणि 'डावीकडे' लिहिलं.

परीक्षक बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. घुमी हळूच म्हणाली, "बाई, काटा डावीकडेच जातोय. पण तो खरा मानला, तर वेटोळं चुंबकाला आत ओढतंय असं होईल. तसं ते कधीच करत नाही. मीटरच उलटा जोडलाय."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसता आलं असतं, पण ते पुढे झाले.

"चूक माझी आहे, बाई. मीच उघडला होता."

बाईंनी मला सेल जोडून पाहिला. काटा उलटाच गेला. घुमीला पैकीच्या पैकी गुण मिळाले, बाकीच्यांना प्रयोग पुन्हा करावा लागला. मामांनी चष्मा लावून माझ्या तारा नीट केल्या.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, वापरण्याआधी सेल लावून मला तपासत जा. आणि काटा हलत असताना पुस्तकात डोकं घालू नका. त्या दिवशी पंचवीस जणांत मला खरंच पाहणारी ती एकटीच होती.